तिसरा पंखा विकत घेण्याआधी: फायबर बोटीचे आरपीएम दर वर्षी का पडतात

आमच्या मालवणात फायबरवाल्याला विचारा, 'बोट का उठत नाही?' दहापैकी आठ जण सांगतील, पंखा (प्रोपेलर) बदल. मीही दोन वर्षं हेच ऐकलं आणि दोन पंखे घेतले. तिसऱ्याचे पैसे खिशात घेऊन निघालो होतो, तेवढ्यात एका म्हाताऱ्या तांडेलांनी जेटीवर अडवलं. 'अरे, पंखो कित्याक बदलतंस? होडी किती खाली बसली हा ती बघ.' माझी दोन वर्षं ज्यात गेली ते त्यांनी उभ्या उभ्या ओळखलं होतं. त्यानंतर जे मोजलं, उघडलं आणि दुरुस्त केलं, ते इथे लिहितो. तुमची बोट दर हंगामात थोडी थोडी मंदावत असेल, तर कदाचित तुमचेही पैसे वाचतील.

बोट एकवीस फुटी, फायबरची, मागे ६० हॉर्सपॉवरचं चार स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर लटकणारं मशीन. काम म्हणजे सहा पर्यटक आणि आम्ही दोघे. किल्ल्याभोवती फेरी, तारकर्लीकडे डॉल्फिन, देवबागला कर्ली नदीच्या संगमापर्यंत. बोट नवी होती तेव्हा १२ पिचच्या (पिच म्हणजे काय ते पुढे सांगतो) अ‍ॅल्युमिनियम पंख्यावर, आठ माणसं घेऊन, पूर्ण थ्रॉटलला ५५०० आरपीएम (मशीनचे मिनिटाला फेरे) आणि २२ नॉट (ताशी सागरी मैल) मिळत. मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची मर्यादा ५००० ते ६००० दिली आहे, म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या हंगामात त्याच पंख्यावर, तेवढ्याच माणसांना घेऊन ४७०० आरपीएम आणि जेमतेम १६ नॉट. नाळ (पुढचं टोक) वर उचलून बोट नांगरासारखी पाणी उकरत जायची, पाण्यावर उठून पळायचीच नाही. पेट्रोलचं तर विचारूच नका.

आधी मोजा, मग बोला

आरपीएम मीटर नसेल तर आधी तो लावा. प्लगच्या वायरीला तार गुंडाळून चालणारा छोटा डिजिटल मीटर पंख्याच्या किमतीपुढे काहीच नाही. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा, पण एकाच दिशेने नको. एकदा प्रवाहासोबत, एकदा प्रवाहाविरुद्ध जा आणि सरासरी काढा, नाहीतर सुकतीचं (ओहोटीचं) पाणीच तुम्हाला दोन नॉट फुकट देतं आणि तुम्ही खूश होता. माणसं रोजची तेवढीच घ्या. रिकाम्या बोटीवर निवडलेला पंखा धंद्यात उपयोगाचा नाही. आणि ही चाचणी मोकळ्या पाण्यात करा, स्नॉर्केलिंगवाल्यांच्या आसपास अजिबात नको.

आता थोडं गणित, त्याला घाबरू नका. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे पंखा लाकडात स्क्रू फिरावा तसा एक फेरी फिरला तर जेवढा पुढे सरकेल ते अंतर. पाणी लाकूड नसल्याने प्रत्यक्षात तेवढं सरकत नाही. जो फरक पडतो त्याला स्लिप म्हणतात. आरपीएमला पिचने गुणा, गिअर रेशोने भागा, आलेल्या आकड्याला १२१५ ने भागा. तुमचा कागदावरचा वेग नॉटमध्ये मिळतो. माझ्या मशीनचा गिअर रेशो १.८५ आहे, म्हणजे मशीनचे १.८५ फेरे झाले की पंख्याचा एक. नव्या बोटीचा हिशोब २९.४ नॉट येत होता, प्रत्यक्षात २२. म्हणजे पंचवीस टक्के स्लिप. माणसं भरलेल्या कामाच्या बोटीला हे चालण्यासारखं आहे. आजारी बोटीचा हिशोब आला २५.१, प्रत्यक्षात १६. स्लिप छत्तीस टक्के.

आरपीएम आणि स्लिप हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात, आणि माझी चूक तिथेच झाली. मी फक्त आरपीएम बघत राहिलो.

आरपीएम खाली आणि स्लिप वर, असं असेल तर बोट ओढायला जड झाली आहे. एकतर बुडाला घाण धरलीय किंवा वजन वाढलंय. आरपीएम भसकन वर जातात पण बोट हलत नाही, तर पंख्याच्या आतला रबरी बुश सुटला आहे किंवा पंखा हवा ओढतोय. आरपीएम खाली आणि वेगही त्याच प्रमाणात खाली, स्लिप मात्र पहिल्यासारखीच, तर पंख्याला बाजूला ठेवा आणि मशीन तपासा: प्लग, फिल्टर, पेट्रोलातलं पाणी, किंवा थ्रॉटल केबल शेवटपर्यंत न पोहोचणं. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. आमच्या शेजारच्या बोटीला महिनाभर 'पिकअप नाही' म्हणून शिव्या बसत होत्या. केबल अर्ध्या इंचाने कमी ओढत होती, एवढंच.

पंखा बदलल्यावर बरं का वाटलं

पिच एक इंचाने कमी केला की पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. दुसऱ्या वर्षी मी १२ वरून ११ वर आलो, तिसऱ्या वर्षी ११ वरून १० वर. १० पिचने आरपीएम ५१५० झाले. मीटर पुस्तकातल्या मर्यादेत आला, मशीनचा आवाज मोकळा झाला, मी पेढे वाटायचे बाकी ठेवले. वेग किती? साडेसोळा. सायकल खालच्या गिअरला टाकली की पाय भराभर फिरतात, पण कॅरिअरवरचं पोतं काही हलकं होत नाही.

तरीही ते पैसे पूर्ण वाया गेले असं मी म्हणणार नाही. मर्यादेखाली कुथत चालणारं मशीन आतून लवकर मरतं, कार्बन धरतं, पिस्टनवर ताण येतो. त्यामुळे तेवढ्यापुरता कमी पिच बरोबरच होता. पण तो तापावरचा उतारा होता. पुढच्या दिवाळीत १० पिचवर पुन्हा ४८००.

बुश आणि बूड

बुशाची शंका काढायला पैसे लागत नाहीत. पंख्याच्या मागच्या बाजूला, आतल्या नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढा. एक फेरी जोरात मारून या. रेघ तुटून सरकलेली दिसली तर बुश घसरतोय. माझी रेघ सरळच होती. पंख्याजवळ हात घालण्याआधी किल्ली काढायची, प्लगच्या वायरी काढायच्या आणि न्यूट्रल करायचं, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी हसतं. हसू दे.

बुडाचं मात्र खरं निघालं, निदान अर्धं. बोट पाण्यात नांगरलेली राहते, त्यामुळे दोन आठवड्यांत बुळबुळीत थर आणि महिन्याभरात बार्नकल, म्हणजे चिकटून बसणारे कवचाचे जीव. बुळबुळीत असतानाच नारळाच्या सोडणाने घासलं तर अर्ध्या तासात काम होतं. कवचं घट्ट बसली की मग प्लास्टिकची किंवा लाकडाची खरवडणी आणि पूर्ण दुपार. लोखंडी पत्रा वापरू नका. जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, ओरखडा पडला की पाण्याला आत जायला वाट मिळते. आम्ही उधाणाच्या भरतीला बोट वाळूवर घेतो आणि सुकतीला घासतो. माझं बूड स्वच्छ केल्यावर १० पिचवरच ५१०० आरपीएम आणि १८ नॉट झाले. सुधारणा होती, पण २२ कुठे आणि १८ कुठे?

तांब्याचा अँटिफाउलिंग (बुडाला घाण धरू न देणारा) रंग लावणाऱ्यांना एक सूचना: तो मशीनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला लागू देऊ नका, मध्ये बोटभर जागा कोरी सोडा. खाऱ्या पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. अ‍ॅनोडवर तर कुठलाच रंग नको. तो धातूचा तुकडा मशीनऐवजी झिजण्यासाठीच लावलेला असतो, अर्धा झिजला की बदलायचा.

तीन प्रवासी, विनातिकीट

तांडेलकाकांच्या बोलण्यानंतर मी मोबाइलमध्ये जुना फोटो शोधला, बोट पहिल्यांदा पाण्यात उतरवली त्या दिवसाचा. रिकामी बोट, शांत खाडी. फोटोत मागचं पाणी निघायचं भोक पाण्याच्या वर स्पष्ट चार बोटं. आता त्याच खाडीत, तशीच रिकामी बोट, आणि भोक दीड-दोन बोटांवर. टेप लावला: मागून सुमारे ४ सेंटिमीटर, नाळेकडून २. सरासरी ३.

बोटीचा पाण्याच्या रेषेवरचा आकार बघा: ६ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, आणि नाळ निमुळती म्हणून त्याचे पाऊण धरले तर ८ चौरस मीटर. अशी बोट एक सेंटिमीटर खाली गेली म्हणजे सुमारे ८० किलो वजन वाढलं. तीन सेंटिमीटर म्हणजे २४० किलो. तीन धट्टेकट्टे पाहुणे रोज माझ्या बोटीत बसून किल्ल्याला जात होते आणि एक पैसा देत नव्हते.

ते कुठे बसले होते? डेकखाली. फायबर बोटीत डेक आणि बूड यांच्यामध्ये पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरलेला असतो, बोट उलटली तरी तरंगत राहावी म्हणून. तो पाणी पीत नाही असं विकणारा सांगतो. पहिली काही वर्षं पीतही नाही. पण वर्षानुवर्षं पाण्यात बसून राहिला, वर बोट आपटत राहिली, की त्याच्या पेशी फुटतात आणि त्याचा स्पंज होतो. मी डेकला मागच्या बाजूला होल-सॉने एक भोक पाडलं. आतून तपकिरी पाणी आलं आणि असा वास, की आमचा पोरगा नाक धरून पळाला. नंतर लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दहा सेंटिमीटर असा तुकडा कापून घरच्या वजनकाट्यावर ठेवला. कोरडा फोम तेवढ्या आकारात ४० ग्रॅमच्या आसपास भरतो. माझा भरला सहाशेच्या वर.

पाणी शिरलं कुठून, हे शोधल्याशिवाय फोम बदलण्यात अर्थ नव्हता. दोन वाटा सापडल्या, आणि दोन्ही माझ्याच. बाकं बसवताना डेकमध्ये मारलेले स्क्रू सीलंटशिवाय मारले होते. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक नळ. आणि पावसाळ्यात बोट वर काढून झापांखाली ठेवताना मी तिला अगदी सपाट ठेवली, आणि बुडातलं पाणी सोडायचं बूच तसंच घट्ट लावून. कोकणातला पाऊस, जून ते सप्टेंबर, बोट भरलेल्या टाकीसारखी उभी. पर्यटनाच्या बोटी मे अखेरीस बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. तीन महिने फोम भिजत होता आणि मी घरात भजी खात होतो. म्हणूनच दर हंगामाच्या सुरुवातीला दुखणं नव्याने सुरू झाल्यासारखं वाटायचं.

उघडणं आणि भरणं

काम ऑक्टोबरच्या कडक उन्हात केलं, दिवाळीआधी. सोळा दिवस धंदा बंद. घरात यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. पण पावसाळ्यातल्या दमट हवेत हे काम करूच नका. ओल्या फायबरवर नवा थर धरत नाही, सहा महिन्यांत पापुद्रा सुटतो.

डेक कडेपासून चार बोटं आत सोडून कापला, म्हणजे तोच पत्रा परत बसवायला काठ राहिला. फोम कुदळीने उकरून काढला. आत आठ दिवस ऊन आणि रात्री पंखा, घरातला पंखा. मिस्त्रीने मध्येच छोट्या हातोड्याने मागची फळी, म्हणजे जिच्यावर मशीन लटकतं ती, ठोकून बघितली. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलंय आणि मग हे सगळं प्रकरण दुप्पट होतं. माझं नशीब, फळी टणक होती.

नवीन भरणीसाठी बंद पेशींच्या पॉलिथिन फोमचे ठोकळे घेतले, आणि बुडाच्या मधोमध पाणी वाहायला दोन इंची मोकळी नाळी ठेवली, थेट बुचापर्यंत. भरण जेवढं काढलं तेवढंच परत घाला, तरंगण्याची ताकद कमी करू नका. थर्मोकोल मात्र कोणी सुचवलं तर ऐकू नका. पॉलिएस्टर रेझिन लागलं की थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतो.

डेक परत जोडताना सांध्याच्या दोन्ही कडा घासून उतरत्या केल्या. जाडीच्या बारापट लांब उतार धरतात; ५ मिलिमीटर जाडीला ६ सेंटिमीटर. अ‍ॅसिटोनने पुसलं, मग ४५० ग्रॅमच्या फायबर मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून, रोलरने हवा काढत काढत. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. दुपारच्या उन्हात एकच टक्का, नाहीतर डबा हातातच गरम होऊन घट्ट होतो. इथे एक गोष्ट जिवावरची आहे: हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं, तेच घ्या. फायबर घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. नाहीतर रात्रभर खाजवत बसा.

वरचा जेलकोट हवेत चिकट राहतो, त्यामुळे शेवटच्या हातात मेण घातलेला जेलकोट वापरावा लागतो. बाकांचे स्क्रू या वेळी भोकं रेझिनने बुजवून, पुन्हा पाडून, मरीन सीलंट भरून मारले.

आणि मग पंखा

आता पंख्याविषयी बोलायला हरकत नाही. हलक्या झालेल्या बोटीवर तिन्ही पंखे एकामागून एक लावून बघितले. १० पिचने आरपीएम ६००० च्या पलीकडे जायला लागले, लगेच काढला. १२ पिचने आठ माणसांत ५३००. ११ पिचने ५६०० आणि २१ नॉट, स्लिप तेवीस टक्के. १२ वर वेग एखाद्या नॉटने जास्त होता, तरी मी ११ ठेवला. माझी बोट कधी वेगाची शर्यत लावत नाही. पण कधीकधी सामान, टाकी आणि जाडजूड कुटुंब एकत्र येतं. रोजच्या वजनात आरपीएम मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात राहिले, की जास्त वजनाच्या दिवशीही ते खाली पडत नाहीत. एकटे मासेमारीला जाणार असाल तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

स्टीलचा पंखा घ्यावा का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. त्याची पाती पातळ आणि ताठ असतात, पाणी चांगलं धरतो, खुल्या खोल समुद्रात मजा देतो. पण देवबागच्या संगमावर वाळूचा दांडा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो आणि किल्ल्याभोवती खडक आहेत. अ‍ॅल्युमिनियमचं पातं आपटलं तर पातं वाकतं. स्टीलचं आपटलं तर धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत जाऊ शकतो. मी आपलं अ‍ॅल्युमिनियम वापरतो, बाकाखाली एक जादा ठेवतो आणि कडेचे बारीक खड्डे कानशीने काढतो. वाकलेलं पातं हातोडीने सरळ करायला मात्र जाऊ नका, पंखा थरथरायला लागतो आणि सील जातं.

चार पात्यांचा पंखा जड बोटीला लवकर उचलतो, वळणावर पकड देतो, वरचा वेग किंचित कमी करतो. मी एकदा उधार आणून बघितला. चांगला वाटला, पण किंमत ऐकून परत दिला.

मशीन किती उंचीवर लटकलंय हेही बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर असावी. खाली असेल तर फुकट ओढ वाढते. जास्त वर असेल तर वळणावर पंखा हवा ओढून आरपीएम उडतात आणि माणूस बुशाला दोष देत बसतो.

महिन्यातून एकदा पंखा पूर्ण काढा. शाफ्टवर नायलॉनची तंगूस गुंडाळलेली हमखास सापडते, तीच सील कापते. शाफ्टला मरीन ग्रीस, वॉशर काढला तसाच परत, आणि नटाची पिन दर वेळी नवी. गिअर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, त्या दिवशी फेरी नको. तेल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने मशीन फ्लश, कितीही दमला असाल तरी.

या पावसाळ्यात बोट नाळ हातभर उंच ठेवून, बूच काढून ठेवली. बूच हरवू नये म्हणून ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलंय. बोट पाण्यात उतरवली त्या दिवशी रिकामी असताना दोन्ही बाजूंना पाण्याच्या रेषेवर बारीक काळी खूण केली. गेल्या आठवड्यात खूण पाण्याखाली गेलेली दिसली आणि पोटात गोळा आला. बघतो तर नव्या पोराने पुढच्या कप्प्यात तीन कॅन पाणी आणि जुना नांगर भरून ठेवला होता.